समुद्राला खत

समुद्रांत लोखंडाचे क्षार ओतावे, त्यावर सूक्ष्म वनस्पतींचें पीक यावें, त्या पिकानें हवेंतील कर्बवायु शोषून घ्यावा, आणि तें पीक मरून तळाशीं गेलें म्हणजे आपल्या गिरण्यांच्या, मोटारींच्या व विमानांच्या धुराचें पाप त्याबरोबर बुडून जावें, अशी एक योजना गेलीं तीस-पस्तीस वर्षें जगांत फिरत आहे. मधून मधून ती मरते आणि पुन्हां जिवंत होते. अलीकडे तिच्यांत पुन्हां धुगधुगी आली आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान-अकादमींनीं २०२१ सालीं समुद्राच्या साह्यानें हवेंतील कर्ब कमी करण्याच्या निरनिराळ्या उपायांचा विचार केला, आणि या उपायाविषयीं अधिक संशोधन व्हावें अशी शिफारस केली. शिफारशींतील ‘संशोधन’ हा शब्द गाळून उरलेलें वाक्य बाजारांत नेणारांची वाण जगांत कधींच पडत नाहीं. आपल्याकडील सुशिक्षित घरांतूनहि ‘समुद्र म्हणजे पृथ्वीचीं फुप्फुसें; तींच आपल्याला तारतील’ हें वाक्य आतां सुभाषितासारखें बोललें जातें.

या मताचें परीक्षण करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. आमचें म्हणणें आरंभींच सांगून टाकतों. समुद्रांतील प्लवक आपल्यासाठीं जें करितात तें अमोल आहे. परंतु जें ते करीत नाहींत तें त्यांच्या नांवावर जमा धरणें ही हिशेबांतील लबाडी आहे. आणि ही लबाडी ज्या प्रयोगानें उघडकीस येते तो प्रयोगच बंद पाडावयास निघालेले सज्जन नकळत त्या लबाडीला साह्य करितात.

प्रथम पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे, कारण तो मूर्खांचा पक्ष नव्हे. समुद्राच्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखालीं धरला असतां त्यांत जी सृष्टि दिसते तिला ‘प्लँक्टन’ हें नांव व्हिक्टर हेन्सन या जर्मन प्राध्यापकानें १८८७ सालीं दिलें. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘भटकणारा’. मराठींत आपण त्याला प्लवक म्हणतों. ज्याला प्रवाहाविरुद्ध जाण्याचें बळ नाहीं, पाणी नेईल तिकडे जो जातो, तो प्लवक. त्यांपैकीं वनस्पतिप्लवक सूर्यप्रकाशाच्या बळावर पाण्यांत विरघळलेल्या कर्बवायूपासून, म्हणजे शाळेच्या पुस्तकांतील कार्बन डायऑक्साइडपासून, आपलें शरीर बनवितात. प्राणिप्लवक त्यांना खातात. आणि या दोहोंवर मासे, देवमासे व अखेर आपलें ताट अवलंबून असतें. पृथ्वीवरील सर्व वनस्पतींच्या शरीरांत मिळून जेवढा कर्ब आहे त्याचा शंभरावा हिस्साहि या वनस्पतिप्लवकांच्या शरीरांत नसतो. तरी पण पृथ्वीवर दरसाल प्रकाशाच्या साह्यानें जें नवें सेंद्रिय द्रव्य तयार होतें त्यांतील जवळजवळ निम्में तेच तयार करितात. वड शेंकडों वर्षें उभा राहतो. प्लवकांची सबंध फौज आठवडाभरांत जन्मते, खाल्ली जाते आणि पुन्हां नवी होते. लहान भांडवल आणि प्रचंड उलाढाल, असा हा व्यवहार आहे.

या उलाढालींतील बहुतेक कर्ब वरच्या वरच, शे-दोनशें मीटरांच्या थरांत, पुन्हां पाण्यांत मिसळतो. थोडा भाग मात्र मेलेल्या पेशी, प्राणिप्लवकांची विष्ठा आणि चिकट कणांचे पुंजके या रूपानें खालीं पडत राहतो. हा भाग दरसाल सुमारें १० अब्ज टन कर्बाइतका असावा असा अंदाज आहे. खालीं उतरतांना त्यांतील बहुतेक कुजतो व विरघळतो. तळाच्या चिखलांत कायमचा पुरला जाणारा अंश अत्यल्प असतो. पण खोल पाण्यांत जें विरघळलें तें पुन्हां पृष्ठावर येईपर्यंत दशकें, कित्येकदां शतकें लोटतात, आणि तोंवर तो कर्ब हवेपासून दूर राहतो. शास्त्रज्ञ या व्यवस्थेला ‘जैविक पंप’ म्हणतात. ही व्यवस्था नसती, तर औद्योगिक युगापूर्वीं हवेच्या दहा लाख भागांत कर्बवायूचे जे सुमारें २८० भाग होते त्यांत आणखी दीडशें ते दोनशें भागांची भर पडली असती, असें गणित सांगतें. प्लवकांचा उपकार लहान नाहीं, हें येथवर कोणीहि मान्य करील.

आतां लोखंड यांत कोठून आलें तें पाहूं. दक्षिण ध्रुवाभोंवतालचा महासागर, विषुववृत्तावरील पॅसिफिक आणि उत्तर पॅसिफिक या तीन प्रदेशांत नत्र व स्फुरद यांची मुबलकता असूनहि प्लवकांचें पीक बेताचेंच येतें. याचें कारण बराच काळ उलगडलें नव्हतें. कॅलिफोर्नियांतील मॉस लँडिंग येथील प्रयोगशाळेचे जॉन मार्टिन यांनीं तें उलगडलें. समुद्रांतील लोखंड मोजावयाचें तर नमुना गोळा करणारें जहाजच लोखंडाचें असतें. त्यामुळें पूर्वींचे आंकडे जहाजाच्या गंजानेंच बिघडलेले होते. मार्टिन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अत्यंत स्वच्छतेनें नमुने घेतले, तेव्हां या प्रदेशांत लिटरभर पाण्यांत ग्रॅमच्या कांहीं अब्जांशांइतकेंच लोह आहे असें दिसून आलें. वनस्पतीला लोह अगदीं थोडें लागतें. पण तें थोडेंहि नसेल तर बाकीच्या सर्व समृद्धीचा उपयोग होत नाहीं. भरल्या कोठारापुढें मिठाच्या चिमटीवांचून स्वयंपाक अडावा तसें हें झालें. १९९० सालीं मार्टिन यांनीं आपली ‘लोह-उपपत्ति’ सविस्तर मांडली: हिमयुगांत जग कोरडें होतें, वाऱ्याबरोबर धूळ अधिक उडे, त्या धुळींतील लोह दक्षिणेच्या महासागरांत पडे, प्लवक वाढत आणि हवेंतील कर्बवायु उतरे. अर्धें जहाज लोखंड द्या, मी तुम्हांला हिमयुग आणून देतों, अशा अर्थाचा विनोद त्यांनीं १९८८ सालीं एका व्याख्यानांत केला होता. १९९३ सालीं ते वारले. त्याच वर्षीं गालापागोस बेटांच्या दक्षिणेस त्यांच्या कल्पनेची पहिली समुद्री परीक्षा झाली, आणि लोखंड पडतांच पाणी हिरवें झालें. १९९३ ते २००९ या काळांत असे डझनभराहून अधिक प्रयोग झाले. लोखंडानें प्लवक वाढतात, ही गोष्ट त्यांनीं निर्विवाद सिद्ध केली.

येथपर्यंतचा पूर्वपक्ष आम्हांस मान्य आहे. भांडण सुरू होतें तें यापुढील एका उडीपासून. पीक आलें, म्हणून कर्ब गेला. कर्ब गेला, म्हणून आपण सुटलों, अशी ती उडी आहे. मार्टिन यांचा विनोद लोकांनीं दरपत्रक समजून वाचला.

पहिला आक्षेप हिशेबाचा आहे. प्लवक दरसाल सुमारें १० अब्ज टन कर्ब खालीं पाठवितात, आणि मनुष्यजात कोळसा, तेल व वायु जाळून दरसाल सुमारें १० अब्ज टनच कर्ब हवेंत सोडते. हे दोन आंकडे योगायोगानें सारखे आहेत, आणि या योगायोगानें भल्याभल्यांची फसगत केली आहे. ‘समुद्र तर आपलें सगळें निस्तरतोच आहे’ असें त्यांना वाटतें. पण प्लवक जितकें खालीं पाठवितात जवळजवळ तितकेंच खोल समुद्राचें पाणी दुसऱ्या ठिकाणीं वर आणून सोडतें. हा पंप हजारों वर्षें चालू आहे. आपल्या आजोबांच्या जन्मापूर्वींहि तो चालूच होता. त्याच्या कामामुळें जुना समतोल टिकतो. आपण नव्यानें टाकलेलें ओझें त्यानें उचललें असें होत नाहीं. जो नोकर नेहमींचे दहा घडे पाणी भरतो त्याच्याकडे बोट दाखवून, ‘घराला आग लागली तरी चिंता नाहीं, दहा घडे पाणी रोज येतेंच’ असें म्हणणाऱ्या गृहस्थाला आपण काय म्हणूं?

मग समुद्र आपल्या धुराचा कांहींच भाग घेत नाहीं काय? घेतो, सुमारें चौथा हिस्सा घेतो. परंतु तो मुख्यतः पाण्याच्या रसायनधर्मानें घेतो, प्लवकांच्या कृपेनें नव्हे. हवेंत कर्बवायूचा भार वाढला कीं पाण्यांत तो अधिक विरघळतो. यांत जीवसृष्टीचा भाग गौण आहे. आणि त्याची किंमतहि समुद्र चुकवीत असतो. विरघळलेल्या कर्बवायूचें आम्ल बनतें. औद्योगिक युगाच्या आरंभापासून आजवर समुद्रपृष्ठाची आम्लता शेंकडा तीसच्या आसपास वाढलेली आहे. ज्यांना आपण तारणहार म्हणतों त्या प्लवकांपैकीं चुन्याचें कवच करणाऱ्यांच्या जिवावर हें आम्ल येतें.

हीच हिशेबाची चूक स्तुतींतहि शिरलेली आहे. ‘आपला प्रत्येक दुसरा श्वास समुद्रानें दिलेला आहे’ हें वाक्य कानाला गोड लागतें. प्रकाशसंश्लेषणाचें निम्में काम समुद्रांत चालतें हें खरें. पण त्यापासून निघालेला जवळजवळ सर्व प्राणवायु समुद्रांतील प्राणी व जंतूच वापरून टाकतात. हवेंत आज जो शेंकडा २१ भाग प्राणवायु आहे तो कोट्यवधि वर्षांत, पुरल्या गेलेल्या सेंद्रिय द्रव्याच्या मोबदल्यांत, कण-कण साठलेला आहे. म्हणजे येथेंहि उलाढाल निराळी आणि शिल्लक निराळी. दुकानदाराचा गल्ला पाहून त्याचा नफा ठरविणारा मनुष्य व्यवहारांत हास्यास्पद ठरतो; विज्ञानाच्या नांवाखालीं तेंच केलें तर तो विद्वान कां ठरावा?

शंखशिंपल्यांविषयींचा एक गोड गैरसमज याच जातीचा आहे. डोव्हरचे पांढरे कडे हे पुरातन प्लवकांच्या चुन्याच्या कवचांचे बनलेले आहेत. तेव्हां कवच म्हणजे पुरलेला कर्ब, आणि जितकीं कवचें अधिक तितकी हवा शुद्ध, असें अनुमान सहज सुचतें. रसायनशास्त्र नेमकें उलट सांगतें. पाण्यांतील बायकार्बोनेटच्या दोन कणांपासून चुना बनतांना एक कर्ब कवचांत बसतो आणि दुसरा कर्बवायु होऊन मोकळा होतो. कवच बनण्याच्या क्रियेनें पृष्ठावरील पाण्यांत कर्बवायु वाढतो. तेव्हां ‘प्लवक वाढवा’ एवढें म्हणून भागत नाहीं. कोणते प्लवक, हा प्रश्न आधीं येतो, आणि तो ठरविणें खत टाकणाराच्या हातांत नसतें.

दुसरा आक्षेप आपल्या दाराशींच उभा आहे. पीक जेथें जोमदार तेथें समुद्र कर्ब शोषतो, हा नियम खरा असेल तर अरबी समुद्र हा कर्बाचा मोठा ग्राहक ठरावयास पाहिजे होता. कारण जगांतील अत्यंत सुपीक समुद्रांत त्याची गणना होते. नैर्ऋत्येचा मोसमी वारा सोमालिया व ओमान यांच्या किनाऱ्यांवरील पृष्ठजल ढकलून देतो, खालचें थंड व पोषक पाणी वर येतें आणि प्लवकांचा बहर उसळतो. तरी पण गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत केलेल्या मोजणीवरून असें ठरलें कीं, वर्षभराचा ताळा घेतला असतां हा समुद्र हवेंत कर्बवायु सोडतो. कारण उघड आहे. जें पाणी खत घेऊन वर येतें तेंच पूर्वीं कुजलेल्या द्रव्याचा कर्बहि घेऊन येतें, आणि तो कर्ब प्लवकांच्या भुकेपेक्षां अधिक ठरतो.

एवढ्यावर गोष्ट संपत नाहीं. वरून पडणारें हें सेंद्रिय द्रव्य कुजतांना प्राणवायु खातें. त्यामुळें अरबी समुद्रांत सुमारें दीडशें मीटरांपासून हजार मीटरांपर्यंत असा एक जाड थर आहे कीं त्यांत प्राणवायु जवळजवळ नाहींच. तेथील जंतु प्राणवायूऐवजीं नायट्रेटवर निर्वाह करितात, आणि त्या क्रियेंत नायट्रस ऑक्साइड हा वायु निर्माण होतो. त्याच्या एका टनाची उष्णता कोंडण्याची शक्ति शंभर वर्षांच्या मुदतींत कर्बवायूच्या सुमारें २७० टनांइतकी आहे. वाजिह नक्वी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००० सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील उथळ पाण्यांत पावसाळ्याच्या अखेरीस प्राणवायूचा दुष्काळ तीव्र होत आहे व या वायूची उत्पत्ति वाढत आहे. जमिनीवरून वाहून येणारें नत्र हें त्याचें एक कारण असावें असा त्यांचा तर्क होता. वाचकांनीं या तर्काचा अर्थ नीट ध्यानांत घ्यावा. समुद्राला खत घालण्याचा प्रयोग आपण आपल्याच किनाऱ्यावर, कोणाचीहि परवानगी न घेतां, शेतांतील युरियानें आणि शहरांच्या सांडपाण्यानें करीतच आहों. त्याचें फळ हवा शुद्ध होण्यांत दिसलेलें नाहीं.

तिसरा आक्षेप असा कीं, महासागरांत एका शेताचें खत दुसऱ्या शेतांतून चोरलेलें असतें. दक्षिण महासागरांत आपण लोखंड टाकून नत्र व स्फुरद तेथेंच खर्चीं पाडले, तर तेथून उत्तरेकडे वाहणारें पाणी तितकें निकस होऊन जाईल, आणि दूरच्या समुद्रांतील प्लवक व त्यांवर जगणारे मासे उपाशी राहतील. जमेच्या पानावर दक्षिणेचें पीक दिसेल; खर्चाचें पान हजारों मैल दूर, दुसऱ्याच देशाच्या कोळ्यांच्या घरीं असेल. शिवाय सगळें सुरळीत झालें तरी लाभ किती? पेंग व ब्रोकर या दोघांनीं १९९१ सालीं गणित मांडून दाखविलें कीं, दक्षिण महासागराला सतत शंभर वर्षें लोखंड घातलें आणि योजना पूर्णपणें यशस्वी झाली असें धरलें, तरी शतकाच्या अखेरीस हवेंतील कर्बवायु अन्यथा जितका असता त्यापेक्षां शेंकडा १० च्या आसपासच कमी होईल. कारण खोल पाणी आपल्या चालीनेंच वर येतें, त्याला कोणाची घाई ठाऊक नाहीं.

हे आक्षेप ऐकून व्यापारी थांबला असता तर या लेखाची गरज नव्हती. २००७ सालीं एका अमेरिकन कंपनीनें गालापागोसच्या पश्चिमेस लोखंड टाकून त्यावर ‘कार्बन क्रेडिट’ विकण्याचा बेत जाहीर केला. कार्बन क्रेडिट म्हणजे दुसऱ्यानें कर्ब पुरल्याची हुंडी. ती विकत घेतली कीं आपला धूर धुतला गेला असें मानावयाचें. विरोधामुळें व पैशाअभावीं तो बेत बारगळला. परंतु जगांतील सरकारें घाबरलीं, आणि भीतीच्या पोटीं जें घडतें तेंच घडलें. जैवविविधतेच्या कराराची नववी परिषद मे २००८ मध्यें बॉन येथें भरली. शास्त्रीय आधार पुरेसा होईपर्यंत समुद्राला खत घालूं नये, असा ठराव तेथें झाला. अपवाद केला तो फक्त किनाऱ्याजवळच्या पाण्यांतील लहान प्रयोगांचा. येथें दुसऱ्या पक्षाशीं आमचें भांडण आहे. किनाऱ्याजवळ लोखंडाची टंचाईच नसते; तें नद्या व जमीन यांच्याकडून मिळतेंच. दुष्काळी गांवाला पाणी दिल्यानें काय होतें हें पाहावयाचें असेल तर विहिरींत घागर ओतून पाहा, असें सांगण्यासारखी ही सवलत होती.

या ठरावानंतर अवघ्या आठ महिन्यांनीं त्याची कसोटी लागली. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीतील ब्रेमरहाफेनची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनीं मिळून एक प्रयोग योजिला होता. ‘लोहा’ या हिंदी शब्दावरून त्याचें नांव ‘लोहाफेक्स’ ठेवलें होतें. नक्वी आणि व्हिक्टर स्मेटासेक हे त्याचे प्रमुख होते. जानेवारी २००९ मध्यें ‘पोलारस्टर्न’ हें जहाज केपटाउनहून निघालें, आणि तें समुद्रांत असतांनाच जर्मन सरकारनें प्रयोग स्थगित केला. पर्यावरणवाद्यांचा आरोप असा कीं, हा ठरावाचा भंग आहे आणि व्यापाराची ही पायवाट आहे. पुन्हां तज्ज्ञांची मतें मागविलीं गेलीं, आणि महिना संपण्यापूर्वीं परवानगी मिळाली. दक्षिण अटलांटिकमधील एका भोंवऱ्याच्या पोटांत सुमारें ३०० चौरस किलोमीटरांवर लोहक्षार पसरण्यांत आले व ३९ दिवस त्या पाण्याचा पाठलाग करण्यांत आला.

निष्पत्ति काय झाली? पहिल्या पंधरवड्यांत वनस्पतिप्लवक सुमारें दुप्पट झाले. मग कोपेपॉड नांवाचे इवलेसे कवचधारी प्राणिप्लवक त्यांवर तुटून पडले आणि पिकाची वाढ खुंटली. पुढें त्या कोपेपॉडांना खाणारे थोडे मोठे प्राणी जमले. खालीं बुडालेला कर्ब नगण्य ठरला. असें कां व्हावें? कांचेसारखें सिलिकेचें कवच असणारे डायाटम हेच प्लवक जड पुंजके करून वेगानें बुडतात. पण त्या पाण्यांतील सिलिका आधींच्या नैसर्गिक बहरांनीं संपविलेली होती. म्हणून वाढले ते मऊ व चविष्ट प्लवक, आणि ते खाल्ले गेले. याच जहाजावरून २००४ सालीं सिलिकासंपन्न पाण्यांत केलेल्या प्रयोगांत बहराचा निदान निम्मा भाग हजार मीटरांच्या खालीं गेला होता, असें २०१२ सालीं प्रसिद्ध झालें. म्हणजे तोच महासागर, तेंच जहाज, तेंच लोखंड. पण एकदां कर्ब बुडाला आणि एकदां बुडाला नाहीं. शितावरून भाताची परीक्षा येथें चालत नाहीं; प्रत्येक शीत निराळें शिजतें.

समुद्राच्या व्यापाऱ्याविरुद्ध याहून बळकट पुरावा कोणत्या ठरावानें, कोणत्या निषेधसभेनें निर्माण केला असता? ज्या प्रयोगाला व्यापाराची पायवाट म्हणून अडविण्यांत आलें, त्यानेंच व्यापाराच्या वाटेवर धोंड टाकली. आणि हें करणारे शास्त्रज्ञ कांहीं त्या कल्पनेचे शत्रु नव्हते. लोखंडाचा उपाय तपासून पाहण्याजोगा आहे असेंच त्यांचें मत होतें. आपल्याला अनुकूल नसलेलें फळ हातीं आलें तें त्यांनीं लपविलें नाहीं, जहाज बंदराला लागतांच जाहीर केलें. भारतीय संशोधनाच्या इतिहासांत हें पान अभिमानानें वाचावें असें आहे. पण यश आलें नाहीं म्हणून आपल्याकडे त्याची आठवण कोणी ठेवीत नाहीं. अपयशी प्रयोग आणि चुकलेला प्रयोग यांतील भेद ज्या समाजाला कळत नाहीं त्याला विज्ञान पाठ्यपुस्तकापुरतेंच मिळतें.

बंदीवादी यावर म्हणतील, ‘प्रयोगाला वाव दिला कीं त्याच्या आडून व्यापार शिरतोच.’ अनुभव याच्या उलट आहे. लोहाफेक्सनंतर दहा-बारा वर्षें शास्त्रज्ञांनीं खुल्या समुद्रांत त्या तोलाचा लोहप्रयोग केला नाहीं. व्यापारी मात्र थांबला नाहीं. २०१२ च्या उन्हाळ्यांत कॅनडाच्या पश्चिमेस हैडा ग्वाई बेटांजवळ सुमारें १०० टन लोहद्रव्य समुद्रांत टाकण्यांत आलें. सामन मासे वाढतील आणि कार्बन क्रेडिट विकून पैसा परत येईल, अशी आशा दाखवून त्यासाठीं एका लहान गांवाकडून पैसा उभा केलेला होता. पाणी हिरवें झालेलें उपग्रहांतून दिसलें; किती कर्ब किती खोल गेला, याचा विश्वासार्ह ताळा मात्र त्यांतून निघाला नाहीं. जो परवानगी मागतो त्याला अडविणारी आणि जो मागतच नाहीं त्याला न दिसणारी बंदी ही प्रामाणिकपणावर बसविलेला कर आहे.

तेव्हां आमचें मत दोन्ही पक्षांस अप्रिय वाटेल असें आहे. समुद्राला खत घालून हवेचें देणें फेडण्याचा धंदा बंद ठेवावा. आणि समुद्राला समजून घेण्याचा उद्योग, प्रयोगासकट, मोकळा ठेवावा. ज्यांतून एका पैशाचीहि हुंडी निघणार नाहीं, ज्याचें फळ कांहींहि असलें तरी प्रसिद्ध होईल, आणि ज्याची जागा व मर्यादा आधींच जाहीर असेल, त्या प्रयोगाला भिण्याचें कारण नाहीं.

आणि प्रयोगाइतकेंच, किंबहुना अधिक, महत्त्व नित्याच्या निरीक्षणाला आहे. अ‍ॅलिस्टर हार्डी यांनीं १९३१ सालीं उत्तर समुद्रांतील व्यापारी जहाजांच्या मागें प्लवक गोळा करणारें एक साधें यंत्र बांधून देण्यास आरंभ केला. ती मोजणी अद्यापि चालू आहे, आणि म्हणूनच त्या समुद्रांतील प्लवक कसे बदलले हें आज सांगतां येतें. आपल्यापाशीं समुद्राचा रंग पाहणारे उपग्रह आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्यें सोडलेला ओशनसॅट मालिकेंतील उपग्रह त्यांपैकींच. त्यांच्या निरीक्षणांवरून हैदराबादची संस्था कोळ्यांना मासे कोठें सांपडण्याचा संभव आहे हें कळविते. पण उपग्रहाला वरचा पापुद्रा दिसतो. खालीं काय बुडालें हें त्याला दिसत नाहीं. त्यासाठीं वर्षानुवर्षें, महिन्याच्या महिन्याला, होडी घेऊन जाणारें आणि बाटलींत पाणी भरून आणणारें माणूस लागतें. या कामांत कीर्ति नाहीं, आणि म्हणूनच त्याला आश्रय हवा. नोव्हेंबर २०२० मध्यें जुहूच्या लाटा रात्रीं निळ्या उजळल्या तेव्हां हजारों लोकांनीं तें कौतुक पाहिलें. तो उजेड प्लवकांचाच होता. त्या कौतुकाचा शतांश जरी वर्षाचे उरलेले दिवस टिकला तरी पुष्कळ होईल.

उरला प्रश्न तो वाचकाच्या स्वतःच्या व्यवहाराचा. आज विमानाचें तिकीट घेतांना, कंपनीचा वार्षिक अहवाल वाचतांना, क्वचित् लग्नपत्रिकेवरसुद्धां, ‘आमचा धूर आम्हीं फेडला आहे’ अशी ग्वाही आढळते. उद्यां तींत समुद्राचें नांव आलें तर सुशिक्षित गृहस्थानें तीन प्रश्न विचारावे. किती कर्ब, किती खोल आणि किती वर्षांसाठीं बुडाला? त्यामुळें दुसऱ्या समुद्राचें काय गेलें? आणि हें मोजलें कोणी, विकणारानें कीं तिऱ्हाइतानें? या तिन्हींचें उत्तर हातीं येईपर्यंत ती हुंडी न वटणारी समजावी. तोंवर कर्ब कमी करण्याचा खात्रीचा मार्ग एकच राहतो: तो जमिनींतून कमी काढावा आणि कमी जाळावा. प्लवकांनीं आपलें काम कधीं सोडलेलें नाहीं. आपलें काम त्यांच्यावर ढकलण्याचा अधिकार मात्र आपल्याला कोणी दिलेला नाहीं.